काळं कुंकू : जुन्या फोटोंतलं सोलापूर

(सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या सचित्र व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मागच्यांना पडदा दिसतोय ना? पंखा बंद नको करू रे, उकाड्यात कुणी फोटो बघत नाही.

हा पहिला फोटो. शहरातल्याच एका घरातून आलाय, नाव सांगू नका म्हणालेत, म्हणून सांगत नाही. साधारण १९१० च्या आसपासचा असावा. नवरा खुर्चीत बसलाय, बायको उभी. तिच्या कपाळावर काळा ठिपका आहे, अंगावर काळं लुगडं आहे. घरातली आजची मुलं मला म्हणाली, "पणजीच्या काळात काळं कुंकू लावायचे का? आणि फोटोला कुणी काळं नेसून जातं का?"

कुंकू लालच होतं. लुगडंही बहुधा लालच असणार. काळं केलं ते काचेनं.

त्या काळी फोटो फिल्मवर नाही, काचेवर निघायचे. काचेवर चांदीच्या क्षारांचा लेप असायचा, आणि त्या लेपाला लाल रंग दिसतच नसे. निळा मात्र फार दिसायचा. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून काचा धुता यायच्या. त्या दिव्याचा काचेवर काही परिणाम होत नसे. फोटोत याचा परिणाम काय होतो? लाल कुंकू काळं पडतं. हळद लावलेला हात मळकट दिसतो. भगवा फेटा काळपट होतो. निळीत रंगवलेलं गडद लुगडं उलट फिकं येतं. आणि आभाळ नेहमी पांढरं फटक, ढग असोत वा नसोत. सगळे रंग नीट पकडणाऱ्या काचा १९०६ पासून विलायतेत मिळायला लागल्या, पण आपल्याकडच्या स्टुडिओंत त्या रुळायला बराच काळ गेला.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्या कातडीच्या तपकिरी रंगात लाल-पिवळ्याचा भाग जास्त. ती काच आपल्याला आहोत त्यापेक्षा काळं दाखवायची. पुष्कळ घरांत "आमचे आजोबा फार काळे होते हो" असं फोटोवरून सांगतात. आजोबा कदाचित तुमच्यासारखेच सावळे असतील. उलटही घडायचं. श्रीमंत गिऱ्हाईक असलं की फोटोवाला काचेवर बारीक शिसपेन्सिल चालवायचा. काचेवर जिथे काळं होतं तिथे कागदावर उजळ येतं. दोन-चार रेघोट्यांत गिऱ्हाईक गोरं. म्हणजे फोटोतला रंग हा पणजोबांचा कमी आणि त्यांच्या खिशाचा जास्त. जुन्या फोटोवरून कुणाच्या रंगाबद्दल बोलू नये, हे माझं ठाम मत आहे. लग्नाच्या बैठकीत तर अजिबात नाही.

याच फोटोत हात बघा. दोन्ही गुडघ्यांवर पालथे, बोटं फाकलेली. अंगठी दिसली पाहिजे ना! शेजारच्या तिवईवर घड्याळ, जाड पुस्तक आणि फुलदाणी. यातलं काहीही या माणसाचं नाही. स्टुडिओत ही सामग्री ठेवलेलीच असायची, कोटसुद्धा असायचा. दुसऱ्याच्या मापाचा कोट ओळखायला सोपा, बाह्या बघायच्या. इथे मनगट चार बोटं बाहेर आलंय. मागचा पडदा रंगवलेला : खांब, जिना, पलीकडे कारंजं. आणि त्या कारंज्यापुढे बाई अनवाणी, पायात जोडवी. नवऱ्याच्या पायात पंपशू. मी कुठलाही फोटो हाती आला की आधी पाय बघतो. तोंडाला पावडर लावता येते, कोट उसना मिळतो, पायांकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जायचं नाही.

हसत का नाहीत, हा प्रश्न येणारच, आधीच घेतो. बरेच जण सांगतात की फार वेळ स्थिर राहावं लागे म्हणून. ते आधीच्या पिढीच्या कॅमेऱ्यांचं. १९०० नंतर उजेड चांगला असेल तर काम एखाद्या-दोन सेकंदांत व्हायचं, तेवढा वेळ कुणीही हसू शकतं. हसायचं नव्हतंच. फोटो म्हणजे घराण्याची नोंद, तिथे दात काढून कोण बसेल? आणि बायकांचे दात मिश्रीने काळे, पुरुषांचे पानाने लाल. म्हणजे फोटोत तेही काळेच. त्यात फोटो काढला की आयुष्य घटतं, ही भीती होतीच. म्हणून काही घरांत म्हाताऱ्या माणसाचा एकुलता एक फोटो असतो तो गेल्यानंतरचा, हार घालून भिंतीला टेकवून बसवलेला.

पुढचा घ्या. हा गिरणीचा.

सोलापुरात रेल्वे आली १८६० मध्ये, जुनी गिरणी सुरू झाली १८७७ मध्ये. तिच्यामागे मोरारजी गोकुळदास हे मुंबईचे व्यापारी होते. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. भोंग्यावर गाव उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. हा फोटो साचेखात्यातला, म्हणजे जिथे माग चालत त्या विभागातला असावा. पटांगणात सगळ्यांना रचून बसवलंय. खुर्च्यांवर साहेब आणि अंमलदार, त्यांच्यामागे मुकादम, डोक्याला रुमाल, छातीवर घड्याळाची साखळी. त्यामागे कामगारांच्या तीन ओळी. शेवटच्या ओळीतले चेहरे धूसर आहेत. भिंगाची धार मधल्या साहेबावर लावलेली होती, कारण पैसे त्याने दिले होते.

आता सर्वांत पुढे जमिनीवर मांडी घालून बसलेली पोरं बघा. मी अकरा मोजली. बघणाऱ्याला वाटतं, कामगारांची मुलं फोटोसाठी आली असतील. ती आलेली नव्हती, ती कामावरच होती. १८९१ च्या कायद्याने नऊ वर्षांच्या मुलाला गिरणीत घेता येत होतं, दिवसाला सात तास. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांत मुलांचे तास सहा केले आणि मोठ्या पुरुषांचे बारा. वयाची अट बारावर गेली ती १९२२ मध्ये. डावीकडून तिसऱ्या पोराकडे बघा. बाकीचे समोर बघतायत, हा मान वळवून मुकादमाकडे बघतोय, म्हणून त्याचा चेहरा हललाय आणि त्याला दोन नाकं आलीयत. त्या एका सेकंदात भिंगापेक्षा त्याला मुकादमाची काळजी जास्त होती. गिरणीतल्या शिस्तीवर मी आणखी काही बोलायची गरज नाही.

कुणी विचारेल, साल कसं ओळखता? मागे शिक्का असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर डोकी बघायची. गांधी टोपी दिसली की फोटो १९२० च्या आधीचा असण्याची शक्यता जवळपास संपते. इथे रुमाल आहेत, पागोटी आहेत, काळ्या टोप्या आहेत, गांधी टोपी एकही नाही. अर्थात हा गिरणीमालकाने काढून घेतलेला फोटो, तिथे १९२५ मध्येही गांधी टोपी घालून कोण बसणार? तेव्हा ही खूणसुद्धा आंधळेपणाने वापरू नका.

गड्ड्याचे फोटो पटकन बघू. सिद्धेश्वराच्या यात्रेचे जुने फोटो बरेच मिळतात, पण त्यांत दिसतं कमी. पांढरा बाराबंदी पोशाख, पांढरं पडलेलं आभाळ, डोक्यावर ऊन. नंदीध्वज, म्हणजे यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या, आभाळात विरघळून जातात. सातही काठ्या मोजता येतील असा फोटो माझ्या बघण्यात नाही, कुणाकडे असेल तर दाखवा.

चार हुतात्म्यांचे फोटो आज दाखवत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं, त्यांचे चेहरे आपल्या सर्वांना चौकातल्या पुतळ्यांवरून माहीत आहेत. १९३० साली सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉचा, म्हणजे लष्करी कायद्याचा, तो विषय स्वतंत्र व्याख्यानाचा आहे.

हा फोटो मात्र थांबून बघायचा. हा सेटलमेंटचा. ज्यांना सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं, त्या जमातींना तारेच्या कुंपणात ठेवून गिरण्यांत कामाला पाठवायचे. १८७१ चा कायदा १९११ मध्ये नव्याने आला, मुंबई इलाख्यात लागू झाला, आणि १९५२ मध्ये रद्द झाला. आत हजेरी घेतली जाई. सोलापूरची सेटलमेंट इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. अशा वसाहतींचे फोटो घरच्या अल्बमात सापडत नाहीत, ते सरकारी आणि मिशनच्या कागदांत सापडतात. झाडलेलं अंगण, ओळीने उभी माणसं, पाटी घेतलेली मुलं, शिवणकाम करणाऱ्या बायका. आमचं काम कसं छान चाललंय हे वरिष्ठांना दाखवायला काढलेले हे फोटो. या फोटोत कुंपण दिसत नाही, कारण कॅमेरा कुंपणाच्या आत उभा आहे. फोटोखालच्या ओळीत जमातीचं नाव आहे, माणसांची नाहीत. गिरणीच्या फोटोत निदान मुकादमाचं नाव लिहिलेलं असतं.

म्हणून मी प्रत्येक फोटोला आधी एकच विचारतो : पैसे कोणी दिले? घरच्यांनी दिले असतील तर ऐपत दिसते, मालकाने दिले तर शिस्त, सरकारने दिले तर सुधारणा. रोजचं जगणं दाखवायला पैसे कोण देणार?

आपल्या पूर्व भागातला विणकर घ्या. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं, साखर पेठ, भवानी पेठ. सोलापूर ज्या कापडावर मोठं झालं त्यातलं कितीतरी या घरांत खड्डामागावर विणलेलं. पण माग घरात, घरात अंधार, पाय खड्ड्यात, आडवं सूत नेणारा धोटा सतत इकडून तिकडे. त्या मंद काचेवर हे उतरणार कसं? मॅग्नेशियमची भुकटी पेटवून उजेड करता यायचा, पण सुताच्या घरात आगीचा खेळ कोण करू देईल?

त्यामुळे विणकराचा फोटो मिळतो तो बोळातला. हा बघा. पूर्ण गल्लीभर ताणा, म्हणजे मागावर चढवायचं उभं सूत, पसरलाय, काठ्यांच्या घोड्यांवर. दोघे जण दोन्ही बाजूंनी खळीचा कुंचला फिरवत पुढे जातायत, हललेत, म्हणून त्यांना चेहरेच नाहीत. सूत मात्र एकेक धागा मोजता येईल इतकं स्वच्छ आलंय, कारण ते ताणलेलं, स्थिर. उंबऱ्यावर एक बाई रहाटावर धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरतेय. चाक धुक्यासारखं, तिचा डावा हात स्पष्ट. ताण्याखालून एक कोंबडी चाललीय. आणि उजवीकडे सायकल धरून एक बाबू उभा आहे, टोपी-कोट, थेट भिंगाकडे बघतोय. फोटो बहुधा त्याचाच काढायचा होता, बाकीचं चुकून आलं. या फोटोवरून खळ कशी लावत, किती माणसं लागत, बायका काय करत, सगळं कळतं. बाबू कोण ते कुणाला ठाऊक नाही.

शेवटचं, घरी काय कराल? जुन्या फोटोच्या कडेला आरशासारखी निळसर चकाकी दिसली तर पुसू नका, ती चांदी वर आलेली आहे, पुसली की चित्रही जाईल. लॅमिनेशन करू नका. मागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलने, बॉलपेनने नाही, आणि "आजी" एवढंच लिहू नका, कुणाची आजी, माहेर कुठलं, गल्ली कुठली, तेही लिहा. काचा सापडल्या तर एकावर एक रचू नका, मध्ये कागद घालून ताटांसारख्या उभ्या ठेवा. कित्येक जुन्या स्टुडिओंच्या काचा धुऊन तसबिरींना बसवल्या गेल्या, तेव्हा माळ्यावर खोकं असेल तर भंगारवाल्याच्या आधी मला बोलवा. बोळातला विणकर मला अजून घरात, मागावर बसलेला मिळालेला नाही. कुणाकडे असेल तर आत्ताच बोला, नाहीतर चहा प्यायला खाली या, तिथे बोलू.