पाचवा महिना म्हणजे नेमका कितवा आठवडा?

मागे ऐकू येतंय का? तो पंखा जरा कमी करा कुणीतरी, माझ्यापेक्षा त्याचाच आवाज जास्त येतोय. हां, आता बरं.

तर मला सांगितलंय की डॉक्टर, पाचव्या महिन्यावर बोला. बोलते, पण आधी पाचवा महिना म्हणजे काय ते ठरवू, कारण निम्मे घोळ तिथेच होतात. ओपीडीत रोजचा सीन आहे हा. मी विचारते कितवा चालू आहे, सून म्हणते पाचवा, सासूबाई म्हणतात छे हो चौथाच, आणि नवरा मोबाईलमधलं अ‍ॅप दाखवतो, त्यात एकवीस आठवडे. गंमत म्हणजे तिघांचंही आपापल्या हिशोबाने बरोबर असतं. सासूबाई पाळी चुकली तिथून मोजतात, अ‍ॅप शेवटची पाळी आली त्या पहिल्या दिवसापासून मोजतं, आणि सून बिचारी मधे कुठेतरी. आम्ही डॉक्टर लोक शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासूनच मोजतो, म्हणजे खरं तर पहिले दोन आठवडे पोटात काहीच नसतं तरी ते धरायचे, असा तो हिशोब आहे आणि सगळ्या जगात तसाच चालतो. एकूण २८० दिवस. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात ना, त्यात फार चूक नाही, आमचा फॉर्म्युला नऊ महिने सात दिवसांचा. समजा पाळी १० जानेवारीला आली, तर तारीख १७ ऑक्टोबर. आणि अर्धी वाट कधी? १४० दिवस, म्हणजे मे महिन्याच्या अगदी शेवटी. यालाच वीस आठवडे म्हणायचं.

म्हणून माझी एकच विनंती असते की महिने घरात मोजा हवे तसे, पण फाईलवर आठवडे लिहा. का ते सांगते. मागे एक मुलगी आली, पहिलंच बाळंतपण, तब्येत ठणठणीत, उलट्या थांबलेल्या, चेहऱ्यावर तेज. घरचे म्हणाले पाचवा संपला की मोठी सोनोग्राफी करू. त्यांचा पाचवा संपला तेव्हा माझ्या हिशोबाने चोवीस आठवडे होत आले होते. बाळ नीट होतं, देवाची कृपा, पण त्या दिवशी मला घाम फुटला होता एवढं खरं.

कारण ही जी मोठी सोनोग्राफी आहे, अ‍ॅनॉमली स्कॅन, ती १८ ते २० आठवड्यांत करायची असते, फार तर २२. आधी केली तर अवयव नीट दिसत नाहीत, आणि उशिरा केली तर काही निघालं तर निर्णय घ्यायला वेळ उरत नाही. २०२१ मध्ये गर्भपाताचा कायदा बदलला तो यासाठी माहीत असायला हवा. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, वीस ते चोवीसमध्ये ठरावीक कारणांसाठीच आणि दोन डॉक्टरांचं मत लागतं, चोवीसच्या पुढे बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाकडे जावं लागतं. म्हणजे दोन आठवडे इकडेतिकडे झाले की सगळा रस्ताच बदलतो. घाबरवत नाहीये हं मी, बहुतेकींचा रिपोर्ट चांगलाच येतो. पण तपासणी चांगला रिपोर्ट येणाऱ्यांनीच करायची असं थोडीच आहे.

आत काय होतं ते सांगते, कारण तिथे बायका उगाच रडतात. खोली अंधारी असते, पोटावर गार जेल लावतात, आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघत एकदम गप्प होतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तोंडातून शब्द नाही, नुसतं क्लिक क्लिक. आणि इथे आडवी पडलेली बाई मनातल्या मनात सगळे देव आठवते. अहो ते मोजत असतात! डोक्याचा घेर, मांडीचं हाड, पोटाचा घेर. मग मेंदूतल्या पोकळ्या बघायच्या, वरचा ओठ अख्खा आहे का, पाठीचा कणा वरपासून खालपर्यंत एकेक मणका जुळतोय का, हृदयाचे चार कप्पे, पोटात जठराचा छोटासा काळा बुडबुडा, दोन किडन्या. बोलत बोलत हे होत नाही. त्यात बाळ पाठ करून बसलं तर संपलंच, मग ते म्हणतात जा, थोडं फिरून या, काहीतरी खाऊन या, आणि बाई बाहेर येऊन फोनवर सांगते काहीतरी प्रॉब्लेम आहे वाटतं. प्रॉब्लेम काही नसतो, तुमचं लेकरू फक्त आळशी असतं. त्याची लांबी त्या वेळी डोक्यापासून टाचेपर्यंत साधारण २५ सेंटीमीटर, वजन पाव किलोच्या जरा वर, तीनशे ग्रॅमच्या आसपास. अंगभर बारीक लव आणि त्यावर पांढरा चिकट लेप.

आणि हो, मुलगा की मुलगी विचारू नका. तिथे फॉर्म भरून घेतात, सही घेतात, ते उगाच नाही. १९९४ चा केंद्राचा कायदा आहे, आणि त्याच्याही आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा केला होता, देशात पहिला. एवढं असून अजून कुणीतरी दारात हळूच विचारतंच, मॅडम पेढा की बर्फी. मी म्हणते आधी लाल गोळी, लोहाची, घेतली का ते सांगा.

त्याच रिपोर्टमध्ये एक वाक्य असतं त्याने बऱ्याच घरांत झोप उडते, वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आहे. वीस आठवड्यांना वार खाली असणं खूप कॉमन आहे. गर्भपिशवी वाढते तशी ती बहुतेकींची वर सरकते. साधारण ३२ आठवड्यांना परत बघायचं, तोवर पलंगावर पडून राहायची शिक्षा स्वतःच स्वतःला देऊ नका. मात्र अंगावरून लाल गेलं तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल.

आता बाळ फिरणं. पहिलटकरणीला १८ ते २० आठवड्यांच्या मधे कळतं, दुसऱ्या खेपेला लवकर, सोळा-सतरालाही. वार पुढच्या बाजूला असेल तर उशिरा कळतं, मधे उशी ठेवल्यासारखं होतं ना. लाथ वगैरे नसते सुरुवातीला. एका पेशंटने मला सांगितलेलं मी विसरले नाही, म्हणाली मॅडम, डोळ्याची पापणी लवते ना, तसं पोटात लवलं. चार दिवस ती गॅस समजून ओवा खात होती! रोज ठरलेल्या वेळी फिरलंच पाहिजे असं या महिन्यात नसतं, ती मोजणी पुढे, अठ्ठाविसाच्या आसपास. पण चोवीस आठवडे झाले आणि काहीच कळलं नाही तर येऊन दाखवा.

पोट बेंबीपर्यंत आलेलं असतं, खाली काळी रेघ उमटते, उठताना जांघेत कळ येते, रात्री पोटरीत गोळा येतो, जळजळ होते. हे सगळं चालतं. पोट टोकदार की पसरट यावरून काहीही कळत नाही, केशराने मूल गोरं होत नाही, दूध चांगलं असतं एवढंच.

पण ज्यावर मला खरं बोलायचंय ते हे. हे दिवस सुखाचे असतात, भूक लागते, झोप येते, आणि म्हणून बाई तपासणीला येत नाही. आणि नेमक्या याच्या पुढच्या गोष्टी आवाज न करता येतात. बीपीचंच घ्या, गरोदरपणामुळे वाढलेलं बीपी आम्ही म्हणतोच मुळी वीस आठवड्यांनंतर. १४० वर ९० असलं तरी बाईला काही वाटत नाही, छान हसत असते. डोकं दुखायला लागलं, डोळ्यापुढे काजवे आले, चेहरा सुजला म्हणजे उशीर झालेला असतो. साखरेचं तेच. २४ ते २८ आठवड्यांमध्ये ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, १४० किंवा वर आली की डायबेटीस. आधी एकदा नॉर्मल आली होती म्हणून ही टाळायची नाही.

हिमोग्लोबिन अकराच्या खाली नको. लाल गोळी रोज एक, १८० दिवस, लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाबरोबर अजिबात नको, आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब. एकत्र घेतल्या की लोह अंगी लागत नाही, सरळ वाया. शौचाला काळं होतं म्हणून निम्म्या बायका गोळी गुपचूप फेकतात, मला माहितीये, हसू नका. काळं होणारच. दोन जिवांची म्हणून दुप्पट जेवायचं नसतं, दिवसाला साडेतीनशे कॅलरी जास्त पुरतात, म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर उसळ, अर्धा कप दूध. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते, २०१६ पासून चालू आहे, तिथे डॉक्टर भेटतात, त्या दिवशी जा.

प्रश्न आहे मागे? बोला ताई. गावाला लग्न आहे, एसटीने जाऊ का? जा की, हेच दिवस आहेत प्रवासाचे. दोन तासांनी उतरून चाला, पाण्याची बाटली घ्या, फाईल बॅगेत ठेवा, आणि मागच्या सीटवर बसू नका, तिथे दणके बसतात.

आणि आजी, तुम्ही काय म्हणालात? चोरचोळी पाचव्यात करायची की सातव्यात? ते तुमच्या घरची रीत असेल तसं करा. फक्त पाचवा कुठून मोजलाय ते एकदा सुनेच्या फाईलवर बघून घ्या.