‘शून्य’ आणि ‘मोजलंच नाही’

(पुण्यातील लिनक्स अभ्यासकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

लक्ष्मी रोडवर भर दुपारी एक टेम्पो माल उतरवायला थांबला की मागची सगळी रांग तुंबते. ज्याची गाडी अडकलीय, त्याच्या गाडीत काहीच बिघाड नसतो. सर्व्हरमध्ये मेमरीकडे जाणाऱ्या वाटेचं असंच आहे. एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) बँडविड्थ, म्हणजे दर सेकंदाला त्या वाटेनं जाऊ शकणारा डेटा, खात सुटते आणि शेजारचा डेटाबेस हळू होतो. चालू प्रोग्रॅम दाखवणाऱ्या ‘टॉप’मध्ये बघावं तर सगळं आलबेल. हा टेम्पो शोधायला प्रोसेसरमध्येच मीटर असतात, आणि लिनक्स ते ‘रेसकंट्रोल’ नावाच्या फाइल सिस्टिममधून, म्हणजे साध्या फाइलींच्या रूपात, दाखवतं. ही फाइल सिस्टिम २०१७ साली कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, ४.१० आवृत्तीत आली. मोजणीच्या फाइली आज दिसतात त्या रूपात त्याच वर्षी ४.१४ मध्ये आल्या.

आज बोलायचंय ते या मीटरांबद्दल कर्नलच्या कागदपत्रांत लिहिलेल्या मजकुराबद्दल, म्हणजे त्याचा रिव्ह्यू (तपासणी) कसा करायचा याबद्दल. व्याकरण आणि स्पेलिंग कुणीही बघेल. रिव्ह्यू करणाऱ्यानं प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा: हे वाचून कुणी स्क्रिप्ट लिहिली, तर ती काय करेल? कर्नलमधली फाइल एकदा लोक वापरायला लागले की तिचं वागणं सहजासहजी बदलता येत नाही. कागदावरचा शब्द म्हणजे दिलेला शब्द.

सर्वांत साधी गोष्ट आधी. ‘एमबीएम टोटल बाइट्स’ या फाइलीत बँडविड्थ नसते. नावातलं एमबीएम म्हणजे मेमरी बँडविड्थ मॉनिटरिंग असलं तरी आत एकूण बाइट्सचा चढता आकडा असतो, घरच्या वीजमीटरसारखा. दोन वाचनांची वजाबाकी करायची आणि मधल्या सेकंदांनी भागायचं. मजकुरात हे स्पष्ट नसेल तर पहिला शेरा इथेच द्या. हार्डवेअरचा काउंटर २४ बिटांइतका अरुंद असू शकतो आणि भरला की पुन्हा शून्यावर येतो. कर्नल दर सेकंदाला स्वतः डोकावून तो उलटणं हिशेबात धरतं, म्हणून वापरणाऱ्याला त्याची काळजी नको. ‘काळजी नको’ हेसुद्धा लिहावं लागतं, नाहीतर लोक आपापल्या स्क्रिप्टमध्ये दुरुस्त्या घालत बसतात.

आता बेरीज. मोजणी प्रोसेसच्या गटांनुसार होते. ‘कंट्रोल-मॉन’ (मर्यादा घालायच्या आणि मोजायच्या) गटाच्या आकड्यात त्याच्या पोटातल्या सगळ्या ‘मॉन’ (फक्त मोजायच्या) गटांचे आकडे आधीच धरलेले असतात. स्क्रिप्टनं आईचा आणि मुलांचा आकडा एकत्र मिळवला की तेच बाइट्स दोनदा मोजले जातात. टोटलसारखीच लोकल ही फाइल फक्त आपल्याच नोडच्या (प्रोसेसर आणि त्याला जवळची मेमरी यांच्या जोडीच्या) मेमरीकडची वाहतूक मोजते. दुसऱ्या नोडच्या मेमरीकडची वाहतूक काढायला टोटलमधून लोकल वजा करतात, पण या दोन फाइली एकाच क्षणी वाचता येत नाहीत. आधी टोटल आणि मग लोकल वाचलं तर फरक उणे येऊ शकतो. आधी लोकल वाचलं तर तो थोडा जास्त दिसेल, पण उणे जाणार नाही. उदाहरणात क्रम कोणता दिलाय ते बघा.

आकड्यांच्या फाइली ज्यात असतात त्या ‘मॉन एल-३ शून्य-शून्य’ या फोल्डरच्या नावातला क्रमांकही फसवतो. तो सॉकेटचा (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा) नंबर नव्हे, एल-३ कॅशचा (प्रोसेसरमधल्या जलद साठ्याचा) आयडी आहे. एएमडीच्या एपिक प्रोसेसरमध्ये एकाच सॉकेटवर अनेक एल-३ कॅश असतात, आणि हे आयडी सलग असतीलच असं नाही. ‘० म्हणजे पहिला सॉकेट’ असं वाक्य दिसलं की खोडा.

खरी गुंतागुंत काउंटरच्या वाटपात आहे. काही एएमडी प्रोसेसरांवर गट भरपूर करता येतात, पण मोजणारे काउंटर थोडे. मूळ पद्धतीत हार्डवेअर काउंटर परस्पर इकडचे तिकडे फिरवतं, मग दोन वाचनांच्या मध्ये आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि वजाबाकी खोटी पडते. म्हणून ‘एमबीएम इव्हेंट’ ही नवी पद्धत आली. तिच्यात कोणत्या गटाला काउंटर द्यायचा हे आपण ठरवतो.

इथली उदाहरणं कागद-पेन घेऊन तपासा. समजा प्रत्येक डोमेनमध्ये, म्हणजे एकेका एल-३ कॅशच्या हद्दीत, ३२ काउंटर आहेत. रेसकंट्रोल माउंट केल्यावर (सिस्टिमला जोडल्यावर) मूळ गटाला टोटल आणि लोकल असे दोन जातात, म्हणून ‘अव्हेलेबल’ फाइलीत ३० दिसायला हवेत. एक नवा गट केला की २८. उदाहरणात गट केल्यानंतरही ३० छापले असतील, तर लेखकानं आउटपुट आधीच्या टप्प्यातून उचललंय. मूळ गट धरून सोळा गटांत काउंटर संपतात. सतराव्याचं ‘एमकेडीआयआर’ (गट बनवायची आज्ञा) मात्र बिनबोभाट यशस्वी होतं, फक्त त्याला काउंटर मिळत नाही. मजकुरात हे सांगितलंय का? अशा वेळी ‘लास्ट कमांड स्टेटस’ फाइल बघायची, हेही तिथेच लिहिलेलं हवं.

त्या सतराव्या गटाची फाइल वाचली तर ‘अनअसाइन्ड’ येतं, म्हणजे काउंटर दिलेलाच नाही. ‘अनअव्हेलेबल’ म्हणजे हार्डवेअरकडे आत्ता सांगण्यासारखा आकडा नाही. जुन्या पद्धतीनं इव्हेंटची, म्हणजे काय मोजायचं त्याची, व्याख्या बदलली की त्या डोमेनमधले सगळे काउंटर पुसले जातात, आणि त्यानंतरच्या पहिल्या वाचनात हाच शब्द येतो. तिसरा शब्द ‘एरर’. तिघांचे अर्थ वेगळे, उपायही वेगळे, आणि यातला एकही शब्द म्हणजे शून्य नव्हे. पण ऑकला (स्क्रिप्टमध्ये मजकुरातून आकडे काढणाऱ्या आज्ञेला) अंकाच्या जागी असा शब्द दिला की तो गुपचूप शून्य धरतो. आलेखात वाहतूक थांबलेली दिसते आणि पुढच्या वाचनाला आभाळाला भिडणारा सुळका येतो, कारण आख्खा साठलेला आकडा एका सेकंदाच्या नावावर जातो.

यंत्र हाताशी असेल तर उदाहरणातली प्रत्येक आज्ञा चालवून बघा. नसेल तर निदान एचटीएमएल बनवून पान डोळ्यांखालून घाला. आरएसटीमध्ये, म्हणजे हा मजकूर ज्या खुणांच्या पद्धतीत लिहितात तिच्यात, यादीच्या आधी एक रिकामी ओळ राहून गेली तरी सगळी यादी एका परिच्छेदात गोळा होते. एवढं झालं की मगच ‘रिव्ह्यूड-बाय’ (‘मी तपासलं’ अशी नावाची ओळ) लिहायचं. आणि शेरा देताना ‘हे अस्पष्ट आहे’ एवढ्यावर थांबू नका, बदली वाक्य द्या. उदाहरणार्थ, ‘काउंटर नसल्यास वाचन अयशस्वी होऊ शकते’ हे वाक्य चुकीचं आहे, कारण वाचन यशस्वीच होतं, फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ आज्ञेचा एक्झिट कोड शून्यच, म्हणजे ‘सगळं ठीक’, येतो. त्याऐवजी असं लिहा: ‘काउंटर दिलेला नसल्यास वाचन यशस्वी होते आणि आकड्याऐवजी अनअसाइन्ड हा शब्द मिळतो, आकडा वापरण्याआधी तो अंकच आहे याची खात्री करा.’