माळ्यावर राहिलेलं

(लघु माहितीपटाचं निवेदन)

[मंडई, सकाळ. भाजीच्या गाळ्यांवरून फिरणारं एक छोटं पितळी भांडं.]

सकाळचे साडेसात. पुण्याची महात्मा फुले मंडई. हातात एवढंसं पितळी भांडं घेऊन आम्ही गाळ्यागाळ्यावर फिरतोय आणि एकच विचारतोय, हे काय आहे?

कुणी म्हणतं, पेनं ठेवायचा डबा. कुणी म्हणतं, देवाचं काहीतरी. कॉलेजातला एक मुलगा उलटसुलट करून बघतो आणि आपल्या मैत्रिणीला विचारतो. तिलाही माहीत नाही.

लिंबं विकणाऱ्या या आजींकडे आम्ही शेवटी पोचलो. त्यांनी भांडं हातातसुद्धा घेतलं नाही.

[आजींचा आवाज: "कोळवं आहे की. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर."]

म्हणजे शेराचा आठवा भाग. असे चार शेर झाले की पायली. १९५६ साली वजनमापांचा नवा कायदा झाला, टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर आले, आणि कोळवं दुकानातून उठून माळ्यावर गेलं. पायली अजून खेड्यापाड्यांत ऐकू येते. कोळव्याला हाक मारणारं शहरात फारसं कुणी उरलेलं नाही. कसबा पेठेतल्या ज्या घरातून आम्ही हे आणलं, तिथे त्याला ‘आजोबांचं ते’ म्हणतात.

[शीर्षक: माळ्यावर राहिलेलं]

बाजीराव रस्त्यावरून नातूबागेकडे वळलं की हे राजा दिनकर केळकर संग्रहालय. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारा हा माणूस १९२०च्या सुमाराला वस्तू गोळा करायला लागला आणि पुढे आयुष्यभर थांबला नाही. राजा हा त्यांचा मुलगा, लहानपणीच गेला. संग्रहालयाला त्याचं नाव आहे. १९७५ साली केळकरांनी हे सगळं राज्य सरकारच्या हवाली केलं. वीस हजारांहून अधिक वस्तू.

तलवारी कुठल्याही संग्रहालयात असतात. इथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, दौती आहेत, किसण्या आहेत. घरातली बाई रोज हातात धरायची ते सगळं, तलवारीइतक्याच मानानं मांडलेलं. म्हणून या माणसाबद्दल आम्हाला एवढी ओढ.

[काचेआडच्या वज्र्या. मोर, हत्ती, मासा.]

आणि या वज्र्या. न्हाणीघरात पाय घासायच्या. खाली खरखरीत बूड, वर धरायला मोर नाहीतर हत्ती. पोटात बारीक खडे असतात. काचेआडून त्यांचा आवाज येत नाही. म्हणून शनिवार पेठेतल्या एका घरातली ही दुसरी वज्री ऐका.

[दगडी न्हाणीघर. वज्रीचा खुळखुळाट. दहा सेकंद निवेदन नाही.]

या घरातल्या नातवाला आत्तापर्यंत वाटायचं, हा बाळाचा खुळखुळा आहे.

[सदाशिव पेठ, वाड्याचा चौक. तांब्याचं घंगाळ, पाण्यानं भरलेलं.]

आता जरा निवांत बसा. इथे आम्हीही बसलो होतो.

हे तांब्याचं घटिकापात्र आहे, वेळ मोजायचं. ओंजळीत मावेल एवढं, बुडाला सुई जाईल असं भोक. या वाड्यातल्या आजी ते पाण्यावर सोडतात आणि ते तरंगायला लागतं. भोकातून पाणी आत येतं, बारीक, केसासारखी धार. पात्र हळूहळू जड होतं. काठ पाण्याजवळ येत जातो.

सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथात असंच पात्र सांगितलंय. तांब्याचं, तळाला भोक असलेलं, स्वच्छ पाण्यात ठेवलेलं, दिवसरात्रीत साठ वेळा बुडणारं. एकदा बुडलं की एक घटका. चोवीस तासांत साठ घटका, म्हणजे एका घटकेची मिनिटं चोवीस आणि एका तासात घटका अडीच. घटकेची पळं साठ. पंचांगात मुहूर्त घटका-पळांत यायचा, सूर्योदयापासून मोजलेला.

‘घटकाभर बस’ असं आपण रोज म्हणतो. ‘घटकाभर डोळा लागला’ म्हणतो. कुणाची तरी ‘घटका भरली’ असंही म्हणतो. ती भरते म्हणजे काय होतं, ते या घंगाळात दिसतं.

[आजींचा आवाज: "लग्न असलं की आदल्या दिवशी माणूस यायचा आमच्याकडे, घटिकापात्र न्यायला. मामंजी स्वतः जायचे बरोबर. पहाटे सूर्य वर आला की पाण्यात सोडायचं. एकेका बुडीला पाटावर कुंकवाचं बोट. तिथून उठायचं नाही, बोलायचं नाही, चहासुद्धा तिथेच. एक बोट चुकलं तर मुहूर्त चुकला की रे."]

पहिल्या वेळी आमच्या घड्याळात सत्तावीस मिनिटं झाली. आजींना ते पटलं नाही. त्यांनी पात्र उजेडाकडे धरलं, भोकातून चौकात पाहिलं आणि आत गेल्या. चिंचेचा कोळ लावला, शिवणाची बारीक सुई फिरवली, पुन्हा उजेडाकडे धरलं. पाण्यातला क्षार भोकाच्या कडेला साठला होता. मध्ये बरीच वर्षं हे पात्र पाण्यात गेलंच नव्हतं. काही दिवस तर त्यात ओव्याचं रोप होतं. बुडाला भोक होतं, कुंडी म्हणून चांगलं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही कॅमेरा हलवला नाही.

[पात्राचा काठ. पाण्याची पातळी. चित्र वेगानं पुढे, मग शेवटचं मिनिट संथ.]

बघा, काठ आता पाण्याच्या बरोबरीला आलाय. इतका वेळ बुडाकडून येणारं पाणी आता वरून येईल.

[पात्र बुडतं. घंगाळाच्या तळाला लागून ‘टण्ण’.]

तेवीस मिनिटं आणि पन्नास सेकंद.

[तांबट आळी. हातोड्यांचा आवाज.]

असं पात्र आज कुणी करून देईल का? कसबा पेठेतल्या तांबट आळीत आम्ही विचारलं. पेशवाईपासून इथे तांब्यावर हातोडा चालतोय. बंब, घंगाळं, हंडे इथूनच घराघरांत गेले. भांड्याच्या अंगावर हातोड्याच्या एकसारख्या, चकाकणाऱ्या खुणा दिसतात ना, त्या कामाला मठारकाम म्हणतात.

हे तांबटकाका कधी घटिकापात्र करून बसले नव्हते. आजींचं पात्र त्यांनी तळहातावर तोललं, नखानं वाजवलं, आणि ‘करून बघू’ म्हणाले.

पत्र्याची गोल चकती. ठोकत जायचं, ती खोलगट होत जाते. ठोकून ठोकून तांबं कडक होतं, मग भट्टीत लाल करून पाण्यात बुडवायचं, की पुन्हा मऊ. पुन्हा ठोकायचं. वाटीचा आकार दुपारपर्यंत आला. भोक पाडायला एक क्षण लागला. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

पहिली चाचणी एकोणीस मिनिटं. भोक मोठं झालं होतं. मोठं झालेलं भोक लहान कसं करायचं? काकांनी पात्र उपडं घातलं आणि भोकाच्या कडेवर अगदी हलक्या हातानं टोले दिले. तांबं सरकतं, कड आत येते. एकवीस मिनिटं. पुन्हा टोले. सव्वीस, आता जास्त झालं. सुईनं किंचित मोकळं केलं. पात्राच्या वजनाचाही हिशेब असतो, जड पात्र लवकर बुडतं, म्हणून काठ थोडा घासून कमी केला. बादलीपाशी काका उकिडवे बसलेत, शेजारच्या दुकानातली दोन माणसं आलीयत, मोबाईलवर वेळ लावलीय.

[तांबटकाकांचा आवाज: "आत्ता बोलू नका."]

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चोवीस मिनिटं लागली. सलग दोनदा. हे नवं पात्र आता आजींच्या नातीकडे आहे.

[जुना बाजार. रविवार. जमिनीवर पसरलेल्या वस्तू.]

बुधवारी आणि रविवारी मंगळवार पेठेत जुना बाजार भरतो. चादरीवर नळ, नट फिरवायचे पाने, फोनचे डबे, घड्याळांची पोटं, समया. पितळ बहुतेक वेळा किलोवर जातं. वाडे पाडले जातायत, जागा रिकामी करायची तारीख ठरलेली असते, आणि अख्खा माळा एका दुपारी टेम्पोत चढतो.

पांढऱ्या टोपीतले हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेत. ते इथे फक्त किल्ल्या घेतात. कुलपं हरवलेल्या किल्ल्या.

[कर्वे रस्ता, घर. किल्ल्यांनी भरलेले तीन ट्रे.]

प्रत्येक किल्लीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. कुठे मिळाली, कुणाकडून, कधी. विकणाऱ्याला ती कुठल्या घरातून आली हे माहीत असेल तर तेही. ही एक बघा. हिला दात नाहीत, स्क्रूसारखे आटे आहेत. ही कुलपात नुसती फिरवून चालत नाही. आट्यांवरून ती आत आत शिरत जाते आणि शेवटी आतला दांडा ओढून घेते. कुलूप उघडायला पुरतं मिनिट लागतं. चोराकडे तेवढा वेळ नसतो, हे करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं.

या सगळ्या चित्रीकरणात आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती या माणसाची चिठ्ठी. नाव काय, कशासाठी, कुणाचं. तीन ओळी. वापरणारा हात गेला की कुठलीही वस्तू विचित्र दिसायला लागते, आणि विचित्र दिसलेली वस्तू आधी भंगारात जाते. आपल्या माळ्यावर आत्ता जे आहे त्याचं नाव सांगणारं कुणीतरी घरात अजून असेल. त्यांना आज विचारा. त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

[नारायण पेठ. लाकडी जिना. माळ्यावरून उतरवली जाणारी पेटी.]

शेवटच्या घरात आम्हाला किल्लीवाल्या काकांनाच घेऊन जायचं होतं. ही भेट आम्हीच घडवून आणली.

शिसवी पेटी. कोपऱ्यांवर पितळी पट्ट्या, पुढे पितळी कुलूप. खालचा एक हात उंचीचा भाग वेगळा काळपट दिसतो, तिथपर्यंत ती गाळात रुतली होती.

१२ जुलै १९६१. सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासल्याचंही फुटलं. मुठेचं पाणी नदीकाठच्या पेठांमध्ये शिरलं. इथली जुनी माणसं आजही ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ असंच सांगतात. पाणी ओसरल्यावर या घराच्या ओसरीत चिखल होता, आणि चिखलात ही पेटी. कुणाची, कुठून आली, कळलं नाही. आजूबाजूला विचारलं. ओंकारेश्वराच्या देवळापर्यंत जाऊन विचारलं. कुणी आलं नाही.

त्यांनी पेटी धुतली, वाळवली आणि माळ्यावर ठेवली. कुलूप फोडलं नाही.

[घरातल्या दादांचा आवाज: "वडील म्हणायचे, मालक आला तर त्याला काय सांगणार, फोडली म्हणून? आत काहीतरी आहे. हलवली की सरकतं. आम्ही लहानपणी हलवून बघायचो, मग ओरडा बसायचा."]

[किल्ल्या एकेक करून कुलपात. हात. दादांचा चेहरा.]

चिठ्ठी लावलेल्या किल्ल्या एकामागून एक. ही जात नाही. ही जाते, फिरत नाही. ही अर्धी फिरली. सगळे वाकून बघतायत.

संध्याकाळपर्यंत तिन्ही ट्रे संपले.

काकांनी किल्ल्या परत लावून ठेवल्या. मग खिशातून कोरी चिठ्ठी आणि दोरा काढला, पेन दादांच्या हातात दिलं. दादांनी थोडा विचार केला, लिहिलं, आणि दोरा पितळी कडीला बांधला.

[चिठ्ठी, जवळून.]

‘१२ जुलै १९६१च्या पुरात आली. आमची नाही.’

[पेटी जिन्यानं पुन्हा वर जाते. निवेदन नाही.]