किंडर स्काउट: शिखर नसलेला डोंगर

(डोंगर भटक्यांच्या एका मंडळापुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. तुम्ही सगळी सह्याद्रीत चालणारी माणसं, त्यामुळे कातळ, नाळ, धार, सडा म्हणजे काय ते सांगण्यात मला वेळ घालवायचा नाही. आज ज्या डोंगराबद्दल बोलणार आहे त्याची उंची 636 मीटर. आपल्या सिंहगडाच्या निम्म्याहूनही थोडी कमी. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन कारखानी शहरांच्या मधोमध, डर्बीशरच्या उत्तर टोकाला हा पसरलेला आहे. नाव किंडर स्काउट. पत्रिकेवर विषय छापलाय ‘मूरवरचं चालणं: खडक, पीट आणि पाणी’. मूर म्हणजे उंचावरचं, झाडं नसलेलं मोकळं रान. त्या विषयाकडे येतोच. आधी मला एक गोष्ट बोलायची आहे, ती बरीच वर्षं मनात आहे.

मँचेस्टरला राहत असताना आपल्याकडून कोणी पाहुणे आले, आणि ते डोंगरात फिरणारे असले, की मी त्यांना किंडरवर न्यायचो. मँचेस्टर पिकॅडिलीहून गाडी पकडायची, पाऊण तासात पायथ्याचं गाव ईडेल. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर हिरवी कुरणं, दगडी बांध, आणि त्यांच्या वर आडवी, काळपट, सपाट रेघ. तासा-दीड तासात माणूस वर येतो. पुढे पठारावर आणखी अर्धा तास चालून झाला की हमखास प्रश्न येतो, “शिखर कुठंय?” मी म्हणायचो, इथंच कुठंतरी. हसू नका, खरंच तसं आहे. किंडरचा सर्वांत उंच बिंदू पठारावरच्या काळ्या चिखलात कुठंतरी आहे. तिथं ना सुळका, ना बुरूज, ना झेंडा. किंडर लो नावाच्या जागी सर्वेक्षणाचा पांढरा खांब आहे, लोक त्याला हात लावून फोटो काढतात, पण ती जागा 633 मीटरवर, म्हणजे खऱ्या माथ्यापेक्षा तीन मीटर खाली. खरा माथा शोधायला नकाशा घेऊन त्या चिखलातच शिरावं लागतं. आणि सापडला तरी तिथून दिसतं ते आजूबाजूच्या चिखलापेक्षा वेगळं काही नसतं.

पाहुण्यांचा चेहरा पडायचा. मला तेव्हा वाईट वाटायचं आणि आजही वाटतं, कारण पाहायचं ते सगळं त्यांच्या पायाखाली होतं आणि त्यांचं लक्ष मात्र माथ्याकडे. आपल्याकडे ‘किती शिखरं झाली’ हा हिशेब फार वाढलाय. सकाळी वर, दुपारी खाली, संध्याकाळी यादीत एक खूण. किंडर त्या यादीत बसत नाही. तो चालण्याचा डोंगर आहे. त्याच्या कडेकडेनं दिवसभर चालत राहावं, एका बाजूला खाली दरी आणि गाव, दुसऱ्या बाजूला माणसाचा मागमूस नसलेलं तपकिरी रान. माझं म्हणणं इतकंच आहे की शिखर नसणं हेच या डोंगराचं मोठेपण. आणि हे मी नुसतं आवडीपोटी बोलत नाही. इंग्लंडच्या इतिहासातली सगळ्यात गाजलेली डोंगरयात्रा याच किंडरवर झाली, आणि त्या दिवशी निघालेली माणसं माथ्याजवळ गेलीसुद्धा नाहीत.

ती हकीकत सांगतो. थोडी लांबेल.

किंडरवर पूर्वी आसपासच्या गावांची गुरं चरायची. एकोणिसाव्या शतकात कुंपणांचे कायदे आले आणि मोकळं रान आजूबाजूच्या जमीनदारांत वाटलं गेलं. या मूरवर रेड ग्राउज नावाचा पक्षी असतो, तित्तिराच्या जातीचा. त्याची शिकार 12 ऑगस्टला सुरू होते आणि 10 डिसेंबरला संपते, त्यातही बंदुका प्रत्यक्ष चालतात ते मोजके दिवस. त्या मोजक्या दिवसांसाठी वर्षभर डोंगर बंद. गेमकीपर, म्हणजे शिकारीच्या रानाचे राखणदार, काठ्या घेऊन उभे. आता दुसरी बाजू बघा. दोन्हीकडे शहरं. तिथं गिरण्या, भट्ट्या, धूर. आठवडाभर त्या धुरात काम करणाऱ्याला रविवारी गॅलरीतून हा डोंगर दिसायचा आणि त्यावर पाय ठेवायला बंदी.

इथं आपला एक धागा येतो. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865, तिकडचा कापूस थांबला तेव्हा लँकशरच्या, म्हणजे मँचेस्टरच्या मुलखातल्या, गिरण्यांकडे मुंबई बंदरातून कापूस गेला. त्या व्यापारानं मुंबई कशी बदलली ते तुम्हाला माहीत आहे. पुढे 1931 च्या सप्टेंबरात गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी लँकशरमधल्या डार्वेनला गेले, तिथल्या बेकार गिरणी कामगारांना भेटले. म्हणजे किंडरच्या हकीकतीच्या सात महिने आधी, त्याच मुलखाजवळ. एकामुळे दुसरं घडलं असं मी म्हणत नाही. पण रविवारी डोंगराकडे निघणारी ही माणसं कोणत्या हलाखीतून येत होती, ते या भेटीवरून कळतं. खिशात पैसा नाही, हाताला काम नाही, चालणं तेवढं फुकट.

तर 24 एप्रिल 1932, रविवार. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा तरुण. रुमानियातून आलेल्या ज्यू कुटुंबातला, मोटार दुरुस्तीचं काम शिकलेला, डाव्या विचारांच्या कामगार क्रीडा संघटनेतला कार्यकर्ता. त्याआधी थोडे दिवस त्यांच्या एका टोळीला शेजारच्या ब्लीकलो डोंगरावरून राखणदारांनी परत पाठवलं होतं. त्या रागातून ठरलं की एवढ्या संख्येनं जायचं की अडवताच येणार नाही. मँचेस्टरच्या स्टेशनवर पोलिस असणार, म्हणून रॉथमन सायकलवर हेफील्डला पोचला. गावच्या मैदानात सभा घ्यायला मनाई होती, म्हणून मंडळी बोडन ब्रिजजवळच्या दगडखाणीत जमली. भाषण दुसऱ्याच कोणी करायचं होतं, गर्दी आणि पोलिस बघून तो मागे सरला. मग रॉथमनच दगडावर चढला आणि बोलला.

माणसं सुमारे चारशे. आकड्यावर अजून वाद आहे, पण चारशे धरू. विल्यम क्लफ नावाच्या घळीतून ती वर निघाली. तुम्ही ही घळ चढलात तर लक्षात येईल, पाऊलवाट ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर उड्या मारत जाते, दोन्ही बाजूंना उतार अंगावर येतो. तिथं शिट्टी झाली, माणसं वाट सोडून उजव्या उतारावर चढली. वर राखणदार. थोडी झटापट झाली, एका राखणदाराच्या घोट्याला लागलं. वर पोचल्यावर शेफील्डहून ईडेलमार्गे आलेली दुसरी तुकडी भेटली. जल्लोष झाला आणि सगळे खाली निघाले. बस, एवढंच! माथा राहिला दूरच.

खाली हेफील्डला पोलिस वाट बघत होते. सहा जणांना पकडलं. आता कायद्यातली गंमत बघा. नुसतं दुसऱ्याच्या जमिनीतून चालत जाणं हा तिथं फौजदारी गुन्हाच नव्हता, फार तर जमीनमालकानं दिवाणी दावा लावावा. म्हणून आरोप ठेवले दंगलीचे आणि मारहाणीचे. खटला डर्बीला. प्रकरण ज्या ग्रँड ज्यूरीपुढे, म्हणजे खटला चालवायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांपुढे, गेलं त्यात बडे जमीनदार आणि लष्करी अधिकारी. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली, रॉथमनला चार महिने. या शिक्षांनी जे झालं ते मोर्च्यानं झालं नव्हतं. जुन्या भटक्या संघटनांना हा प्रकार मुळीच पसंत नव्हता, जमीनमालकांशी चाललेली बोलणी बिघडतील असं त्यांचं म्हणणं. पण चालल्याबद्दल पोरांना तुरुंग, हे लोकांना सहन झालं नाही. त्याच उन्हाळ्यात जवळच्या विनॅट्स खिंडीत हजारो लोक सभेला जमले.

पुढची कालगणना पटकन सांगतो. 1949 साली राष्ट्रीय उद्यानं आणि ग्रामीण भागातल्या प्रवेशाचा कायदा झाला. 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं, आणि किंडर त्याचा मुकुट. 24 एप्रिल 1965 ला, बरोबर तीच तारीख, पेनाइन वे ही ईडेलहून स्कॉटलंडच्या सीमेपलीकडे जाणारी सुमारे 430 किलोमीटरची पायवाट अधिकृतपणे खुली झाली. टॉम स्टीफन्सन या पत्रकारानं तिची कल्पना 1935 मध्ये मांडली होती, म्हणजे तीस वर्षं पाठपुरावा. 1982 मध्ये किंडर नॅशनल ट्रस्ट या निसर्ग आणि वारसा जपणाऱ्या संस्थेनं घेतला. 2000 च्या कायद्यानं मोकळ्या डोंगररानात चालण्याचा हक्क सगळ्यांना मिळाला. आणि 2002 मध्ये, सत्तर वर्षं झाल्यानिमित्त, त्याच बोडन ब्रिजला किंडरच्या जुन्या जमीनदार घराण्यातले डेव्हनशरचे अकरावे ड्यूक आले आणि आपल्या आजोबांच्या वेळी झालेल्या अन्यायाबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली. रॉथमन त्याच वर्षी जानेवारीत गेले होते. हे वाचलं तेव्हा मला फार लागलं. तीनच महिने.

सूत्रसंचालकांनी घड्याळ दाखवलंय. पंधरा मिनिटं म्हणतात, म्हणजे प्रश्न धरून दहा. मूळ विषय उरलाच आहे, तेव्हा भराभर जातो.

खडक. सुमारे 32 कोटी वर्षांपूर्वी इथं मोठ्या नदीचा त्रिभुज प्रदेश होता. त्या वाळूचा जाडाभरडा दगड झाला, ग्रिटस्टोन. जात्याचे दगड करायचे याचे. हा कठीण दगड वर आणि खाली शेल, म्हणजे चिखलाचा झालेला मऊ, थरांचा दगड. शेल झिजला की वरचा दगड तुटून पडतो, म्हणून माथा सपाट आणि कडेला उभे कडे. दक्षिण कडेवर वूलपॅक्स म्हणून जागा आहे, वाऱ्या-पावसानं गुळगुळीत झालेले अजस्र गोटे गर्दी करून बसलेत. तिथं अर्धा दिवस घालवा, कमीच पडेल. पश्चिमेला किंडर डाउनफॉल, तीस मीटरचा धबधबा. पश्चिमेचा वारा सुटला की त्याचं पाणी खाली न पडता उलटं वर उडतं. नाणेघाटातला तसला धबधबा बघितलेल्यांना वेगळं सांगायला नको.

पीट. दगडाच्या वर काही हजार वर्षांत साठलेला, न कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर, काही ठिकाणी चार मीटरपर्यंत. मूळचं रान माणसानं तोडलं, जाळलं, हवा ओली होत गेली, आणि पाणथळ जागी स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढलं. ते मेलं तरी आम्लयुक्त पाण्यात कुजत नाही, तसंच साठत जातं. मग आली औद्योगिक क्रांती. मँचेस्टरच्या धुराड्यांतलं गंधक पावसातून इथं उतरलं आणि स्फॅग्नम मरून गेलं. त्यात मेंढ्यांची बेसुमार चराई आणि वणवे. पीट उघडा पडला, पावसानं त्यात चर पाडले, त्यांना ग्रफ म्हणतात. माणूस आत उतरला की डोकं वर दिसत नाही इतके खोल. धुक्यात होकायंत्र धरून सरळ जायचं ठरवलं तरी ग्रफ तुम्हाला सरळ जाऊ देत नाही, दर वीस पावलांना चढ-उतार, दर वळणाला दिशा नवी. तळाशी मात्र पांढरी वाळू आणि कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी. या पठाराच्या मध्यातला एखादा ग्रफ धरून पाण्याबरोबर पश्चिमेला चालत गेलात की तो किंडर नदीत आणि नदी डाउनफॉलवर पोचवते. शिखर शोधणाऱ्याला हे चालणं कंटाळवाणं वाटतं. मला विचाराल तर दगड, पाणी, वारा यांच्याकडे इतकं लक्ष मी दुसऱ्या कुठल्याच डोंगरावर दिलेलं नाही.

पाणी आणि दुरुस्ती. पेनाइन वे झाली आणि बुटांनी पीटच्या चिखलाचा रस्ता केला. म्हणून नंतर हेलिकॉप्टरनं मोठाल्या फरशा आणून वाट बांधली. या फरशा कुठल्या, तर बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींच्या! ज्या गिरण्यांच्या धुरानं शेवाळ मारलं, त्यांच्याच फरशांवरून आज शेवाळ वाचवत चालायचं. 2003 पासून मूर्स फॉर द फ्यूचर हा उपक्रम आणि नॅशनल ट्रस्ट मिळून उघड्या पीटवर चुना, गवताचं बी आणि हेदर नावाचं कापलेलं झुडूप पसरतात, स्फॅग्नमची रोपं लावतात, ग्रफमध्ये दगडालाकडाचे छोटे बांध घालतात. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात नाला अडवतात तेच. पाणी डोंगरावर रेंगाळतं, खालच्या गावांत पूर हळू येतो, पीटमधला कार्बन जमिनीत राहतो. जिथं काळा उघडा चिखल होता तिथं आता कापूसगवताचे पांढरे गोंडे डोलतात. हा बदल मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि इतकं उद्ध्वस्त झालेलं रान माणसाच्या हातांनी परत उभं राहतं याचा मला अतोनात आनंद आहे.

जाणाऱ्यांसाठी शेवटचं. ईडेलहून जेकब्स लॅडरच्या पायऱ्यांनी चढा, कडेनं डाउनफॉलपर्यंत जा, आणि पाय चांगले असतील तर उत्तरेची कड धरून फेरी पूर्ण करा. त्या बाजूला गर्दी नसते. कागदी नकाशा आणि होकायंत्र लागतंच, धुकं दहा मिनिटांत उतरतं. मार्च ते जुलै गोल्डन प्लोव्हर आणि कर्ल्यू हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, तेव्हा वाटेवरच राहा आणि बरोबर कुत्रा असेल तर त्याला दोरी लावा. शेगडी, काडीपेटी काहीही नेऊ नका. पीटला लागलेली आग जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहते. मोठा नकाशा इथं टेबलावर पसरून ठेवलाय, ग्रफ त्यात निळ्या रेघांनी दाखवलेत. या पुढे, आणि विचारा काय विचारायचं ते.