रताळं म्हणजे गोड बटाटा नव्हे

(दृश्य: लाकडी पाटावर एक बटाटा, एक रताळं, शेजारी सुरी.)

दोन्ही मातीतून निघतात, दोन्ही पिठूळ आणि पोटभरीचे. त्यामुळे रताळं म्हणजे बटाट्याचा गोड भाऊ, असं आपण सहज धरून चालतो. आधी रताळं कापू. क्षणभर थांबा. सालीलगत, कापलेल्या कडेवर पांढरे थेंब दिसतायत? हा चीक. बटाटा कापला की नुसतं पाणी सुटतं.

चीक येतो, कारण रताळं गारवेलीच्या कुळातलं आहे. त्याचं फूलही तसंच, कर्ण्यासारखं, फिकट जांभळं, आत गडद होत गेलेलं. बटाट्याचं कुळ वांगी, टोमॅटो आणि मिरचीचं. त्याचं फूल चांदणीसारखं, मधोमध पिवळे पुंकेसर.

(दृश्य: बटाट्याचे डोळे, अगदी जवळून.)

पण खरा फरक याहून खोल आहे, आणि मला तो फार सुंदर वाटतो. बटाट्याचे हे डोळे नीट बघा. ते कुठेही, कसेही आलेले नाहीत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मळसूत्रासारखे फिरत गेले आहेत. एखाद्या फांदीवर पानांच्या बेचक्यात कोंब असतात, अगदी त्याच क्रमाने. कारण बटाटा मूळ नाहीच. जमिनीखाली आडव्या वाढणाऱ्या फांदीचं टोक अन्न साठवून फुगतं, तो बटाटा. म्हणजे ते खोड आहे.

रताळं मात्र खरोखरचं मूळ. वेलीच्या पेरांतून मुळं फुटतात, त्यातली काही पिष्ट साठवत जाड होतात. म्हणून त्याला डोळे नाहीत. अंगावर बारीक केसांसारखी मुळं आणि त्यांच्या खुणा तेवढ्या असतात.

आता एकेक गोष्ट उलगडत जाते. खोड उजेडात आलं की हिरवं होतं, तसा बटाटाही होतो. त्या हिरवेपणासोबत सालीत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढतं, म्हणून हिरवा बटाटा खाऊ नये. बटाट्याची पानंही विषारीच. रताळ्यात सोलॅनिन नसतं आणि त्याच्या कोवळ्या पानांची भाजी होते. अर्थात बुरशी लागलेलं रताळं टाकूनच द्यावं. तिथे त्याची स्वतःची विषारी द्रव्यं तयार होतात.

लागवडही वेगळी. बटाट्याचा डोळा असलेला तुकडा मातीत पुरला की रोप येतं. रताळ्याचा वेल लावतात: हातभर तुकडा कापायचा, त्याची काही पेरं मातीत दाबायची, बाकीचं वेल बघून घेतो.

(दृश्य: भाजलेलं रताळं फोडताना निघणारी वाफ, कडेला पाकासारखा रस.)

गोडीचं काय? कच्च्या रताळ्यातही साखर असते. पण भाजताना ती वाढते, आणि ती आपल्या डोळ्यांसमोर तयार होत असते. रताळ्यात अमायलेज नावाचं एन्झाइम भरपूर असतं. साधारण 60 ते 75 अंश सेल्सिअसला ते पिष्ट तोडून माल्टोज ही साखर बनवतं. रताळं या तापमानात जितकं रेंगाळेल, तितकं गोड. म्हणून मंद आचेवर भाजलेलं रताळं झटपट शिजवलेल्यापेक्षा गोड लागतं. घाई करू नका, एवढंच सांगेन.

बटाटा गोड होतो तो थंडीत. फ्रिजमध्ये ठेवला की त्यातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि तळताना तो काळपट पडतो. रताळ्याला थंडी सोसतच नाही. 12 अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं, तर शिजवूनही मध्ये टणक गाठ उरते.

नावांचा घोळ जुना आहे. ‘बटाटा’ हा शब्द मुळात रताळ्याचा! कॅरिबियन बेटांवरचे तैनो लोक रताळ्याला ‘बटाटा’ म्हणत. 1492 नंतर रताळं युरोपात लवकर पोचलं, अँडीज पर्वतातला बटाटा मागून आला आणि नाव घेऊन बसला. पोर्तुगीजांकडून तेच नाव मराठीत आलं.

अमेरिकेत दुसरा गोंधळ. तिथे नारिंगी गराचं रताळं ‘याम’ म्हणून विकलं जातं. खरा याम आपल्या कोनफळाच्या कुळातला, एकदल वनस्पती. रताळ्यापासून तो बटाट्यापेक्षाही दूरचा. अळकुडी, म्हणजे अळूचा कंद, तर कच्ची खाल्ली की लगेच ओळखू येते, घशाला खाज सुटते. आणि कसावा, ज्यापासून साबुदाणा करतात, तो रताळ्यासारखाच मूळ आहे, चीकही आहे. पण कच्च्या कसाव्यातून सायनाइड सुटतं. रताळं कच्चं खाता येतं.

(दृश्य: तीन रताळी, तिन्हींची साल तांबडी.)

पोषणात रताळं एका बाबतीत बटाट्याच्या कितीतरी पुढे आहे: बीटा कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. बटाट्यात ते जवळजवळ नाहीच. आफ्रिकेत मुलांच्या आहारात हे जीवनसत्त्व कमी पडत होतं, तिथे नारिंगी रताळं शेतात आणि ताटात पोचवणाऱ्या मारिया आंद्राडे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो यांना 2016 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण हा गुण नारिंगी गराचा. पांढऱ्या गरात तो नगण्य असतो. आणि सालीवरून गराचा रंग ओळखता येत नाही.

(दृश्य: सुरी तिन्ही रताळ्यांतून जाते. पांढरा गर. पुन्हा पांढरा. तिसरा नारिंगी.)