गळ्यातला पट्टा आणि साडेपाच मिनिटे

अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील राइसव्हिल या लहानशा गावातला हा तिसरीचा वर्ग आहे. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि दुसऱ्याच दिवशी इथल्या शिक्षिका जेन एलियट यांनी वर्णभेद मुलांना तोंडी समजावण्याऐवजी अनुभवायला लावायचे ठरवले, कारण गावातली वस्ती गोऱ्यांची होती आणि कृष्णवर्णीयांविषयी मुलांना जे ठाऊक होते ते सगळे ऐकीव होते. त्यांनी डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन गट पाडले. १९७० मध्ये नव्या तुकडीबरोबर हाच प्रयोग झाला तेव्हा एबीसी वाहिनीचा कॅमेरा वर्गात होता. त्यातून ‘द आय ऑफ द स्टॉर्म’ हा माहितीपट तयार झाला.

पहिल्या दिवशी निळ्या डोळ्यांची मुले श्रेष्ठ ठरतात. त्यांना मधली सुट्टी पाच मिनिटे जास्त मिळते. तपकिरी डोळ्यांच्या मुलांनी मात्र कागदी पेल्यातूनच पाणी प्यायचे आणि लांबूनही ओळखू यावे म्हणून गळ्यात कापडी पट्टा घालायचा. (पेशवाईतल्या पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिले आहे. पाण्याच्या नियमाबद्दल तर मराठी प्रेक्षकाला काही सांगावेच लागत नाही.) सुट्टीत मारामारी होते. चौकशी केल्यावर कळते की एकाने दुसऱ्याला ‘तपकिरी डोळे’ म्हटले होते. सकाळी शाळेत येताना जी शिवी नव्हती, ती दिवस संपायच्या आत शिवी झाली होती.

आमच्या दृष्टीने या माहितीपटातला सर्वांत मोलाचा प्रसंग याहून साधा आहे. मुलांनी उच्चारांची कार्डे भराभर वाचायची आणि बाईंनी वेळ मोजायची, एवढेच त्यात घडते. पट्टे घातलेल्या गटाला साडेपाच मिनिटे लागतात. दुसऱ्या दिवशी पट्टे निळ्या डोळ्यांच्या मुलांच्या गळ्यात जातात, आणि कालचाच गट तेच काम अडीच मिनिटांत संपवतो. काल एवढा वेळ का लागला, असे बाई विचारतात, तेव्हा मुले पट्ट्यांचे नाव घेतात.

मुलांना खोटे सांगून रडवणे योग्य होते का, हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. परंतु चित्रीकरण हाताशी असल्यामुळे तो प्रसंग दुसऱ्या मुलांवर न आणताही दाखवता येतो. १९८५ च्या ‘अ क्लास डिव्हायडेड’ या माहितीपटात त्या वर्गातल्या १६ पैकी ११ जण मोठे होऊन परत येतात आणि बाईंच्या सोबतीने स्वतःचेच बालपण पडद्यावर पाहतात. हसता हसता मध्येच त्यांचे चेहरे उतरतात.

ही चित्रफीत वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी. पडद्यावरच्या वर्गात एकही कृष्णवर्णीय मूल नाही; गोऱ्या मुलांना दोन दिवसांत काय उमगले, एवढेच तिथे दिसते. निरनिराळ्या वर्णांची मुले शेजारी बसतात अशा वर्गात चित्रफीत संपताच एखाद्या कृष्णवर्णीय मुलाकडे वळून त्याला अनुभव सांगायला लावले, तर सगळ्या वर्गाच्या नजरा पुन्हा त्याच्याच गळ्याकडे जातात. त्यापेक्षा चित्रफीत कार्डांच्या प्रसंगावर थांबवावी आणि सगळ्यांना मिळून विचारावे, की पहिल्या दिवशीची ती जादा तीन मिनिटे मुले नेमके काय करत होती.