दबलेली प्रतिकारशक्ती आणि सुप्त क्षय

श्रोतेहो, नमस्कार.

संधिवात किंवा सोरायसिससाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करायची असली, की डॉक्टर आधी टीबीची चाचणी आणि छातीचा एक्स-रे सांगतात. ‘मला साधा खोकलाही नाही, मग हे कशाला?’ असं वाटणं साहजिक आहे.

जगातल्या अंदाजे एक चतुर्थांश लोकांच्या शरीरात क्षयाचे जंतू कधी ना कधी शिरलेले आहेत. त्यांतल्या 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात पुढे आजार होतो. बाकीच्यांच्या फुप्फुसात भक्षक पेशी जंतूंना घेरतात, त्यांच्याभोवती लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी कडं करतात आणि सूक्ष्म गाठ बनते. आत काही जंतू जिवंत राहतात, पण आजार होत नाही; हाच सुप्त क्षय. म्हणून हा पहारा रोज चालू ठेवावा लागतो. तो टिकवणारं एक रसायन म्हणजे टीएनएफ. गंमत अशी, की संधिवातात सांधे सुजवणारंही तेच! ते रोखणारं इंजेक्शन सांध्यांना आराम देतं आणि गाठही सैल करतं. इन्फ्लिक्सिमॅब हे असंच इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये असा क्षय पहिल्या काही महिन्यांतच उफाळल्याचं 2001 मध्ये ठळकपणे पुढे आलं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज 15 मिलिग्रॅम किंवा जास्त, महिनाभर घेतलं तरी धोका वाढतो. एचआयव्हीत तर पहाऱ्यावरच्या सीडी4 लिम्फोसाइट पेशीच घटतात.

चाचणी औषधाआधीच करायची, कारण दबलेली प्रतिकारशक्ती चाचणीला नीट प्रतिसादच देत नाही आणि निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. त्वचेच्या चाचणीत क्षयजंतूंच्या प्रथिनांचा 0.1 मिलिलिटर द्राव कातडीत टोचतात आणि 48 ते 72 तासांनी मोजतात. मोजायचा तो कडक फुगवटा, लाली नव्हे. प्रतिकारशक्ती दबलेल्यांत 5 मिलिमीटरही पॉझिटिव्ह धरतात. बीसीजी लशीमुळेही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते; तो गोंधळ नको असेल तर इग्रा नावाची रक्तचाचणी बरी. मात्र सुप्त आणि सक्रिय क्षय यांतला फरक दोन्ही चाचण्या सांगत नाहीत.

म्हणून प्रतिबंधक गोळ्यांआधी सक्रिय क्षय नाही याची खात्री हवीच. सक्रिय क्षयावर आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध एकटंच दिलं, तर त्याला न जुमानणारे जंतू तेवढे उरतात. सुप्त क्षयात ते 6 किंवा 9 महिने देतात, बहुधा बी6 जीवनसत्त्वासोबत. किंवा त्याला रिफापेंटिन हे दुसरं औषध जोडून आठवड्यातून एकदा, 12 मात्रा. टीएनएफरोधक इंजेक्शन सहसा महिनाभराच्या गोळ्यांनंतर सुरू होतं. भूक मेली, लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर गोळ्या थांबवून लगेच यकृताची तपासणी करून घ्या.